गाव खोटे बोलते तेव्हा : 'कॅसलव्हेनिया'ची क्रमवारी आणि अस्तंब्याची जखम

'कॅसलव्हेनिया' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता, या प्रश्नाचे उत्तर जणू कायमचे ठरून गेले आहे. १९९७ सालचा 'सिंफनी ऑफ द नाइट' पहिला. त्याखाली १९९३ सालचा 'रोंडो ऑफ ब्लड', १९८९ सालचा तिसरा भाग, २००३ सालचा 'आरिया ऑफ सॉरो' हे आवडीनुसार वरखाली. आणि १९८७ सालचा दुसरा भाग, 'सायमन्स क्वेस्ट', तळाशी. बहुधा चेष्टेचा विषय म्हणून. ही क्रमवारी आम्हांला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगताना आम्हांला नंदुरबार जिल्ह्यातल्या एका डोंगराकडे जावे लागणार आहे, आणि तिथून एका अशा गोष्टीकडे, जी कोणत्याही अर्थाने खेळ नव्हे.

साहित्यविषयक पानांवर खेळांची उठाठेव कशाला, असे काही वाचक विचारतील. गॉथिक हा प्रकार होरेस वॉल्पोलच्या १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून शिकवायचा, ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'पाशी थांबवायचा आणि नंतरचे सारे 'लोकप्रिय संस्कृती' या पोतडीत टाकून द्यायचे, ही आपल्या वर्गांतली रीत आहे. पण स्टोकरची सामग्री ज्यांनी अनेक दशके पुन्हापुन्हा हाताळली, उलटीसुलटी केली, तिच्यातले प्रश्न बदलले, त्यांत जपानच्या कोनामी कंपनीतल्या मंडळींचा वाटा मोठा आहे. १९९४ सालच्या 'ब्लडलाइन्स' या भागात तर स्टोकरच्या कादंबरीतला क्विन्सी मॉरिस खेळातल्या कुळाशी थेट जोडला गेला आहे. एका जुन्या संहितेचे असे सातत्याने पुनर्लेखन होत असेल, तर त्याची समीक्षा खेळाडूंवर सोपवून मोकळे होणे हा आळस आहे. खेळाडू आपले काम करीत आले आहेत. कोणता भाग श्रेष्ठ, यावर ते ज्या तपशिलाने भांडतात तेवढ्या तपशिलाने आम्ही एखाद्या लेखकाच्या दोन कादंबऱ्यांची तुलना शेवटची कधी केली, हे आठवावे लागते. फक्त त्यांची कसोटी कारागिराची आहे : चाल किती सफाईदार, नकाशा किती चतुर, शत्रूंची मांडणी किती नेमकी. आम्ही सुचवतो ती कसोटी निराळी आहे. गॉथिक कृतीत भीती कुठे राहते? डोंगरावरच्या किल्ल्यात, की पायथ्याच्या गावात?

पहिल्या भागात, १९८६ साली, या प्रश्नाला अवकाशच नव्हता. सायमन बेलमाँट नावाचा वीर चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि सहा टप्पे पार करून त्याला मारतो. वाटेत मेडुसा, ममी, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस, स्वतः मृत्यू असे सगळे भेटतात. हे हॉलिवूडच्या जुन्या भयपटांचे संमेलन आहे, आणि खेळकर्त्यांनी ते लपवलेलेही नाही. शेवटच्या श्रेयनामावलीत भयपटांच्या कलावंतांच्या नावांवर केलेल्या कोट्या आहेत. गंमत म्हणून हा भाग आजही ताजा आहे. पण त्याची नैतिक रचना अगदी सरळ आहे. वाईट ते वर, भिंतीआड. चांगले ते बाहेरून येते आणि काम संपवून जाते. गाव दिसतच नाही.

आता 'सिंफनी'कडे. त्याचे मोठेपण नाकारण्याचा आमचा हेतू नाही. मिचिरू यामाने यांचे संगीत आणि आयामी कोजिमा यांची चित्रे या दोन गोष्टींनी मालिकेचा पोतच बदलला. किल्ला हा एकामागून एक ओलांडायच्या टप्प्यांचा जिना न राहता हिंडायची, परतून यायची, आठवणीत ठेवायची वास्तू झाला. मध्यावर आपण जिंकलो असे वाटते तेव्हा आकाशात तोच किल्ला उलटा लटकलेला दिसतो, आणि चाललेली प्रत्येक फरशी आता छत झालेली असते. वास्तूलाच पात्र करण्याची गॉथिकची जुनी हौस इतक्या शब्दशः क्वचितच पुरी झाली असेल. नायकही नवा आहे : अलुकार्ड, ड्रॅक्युलाचा मुलगा, अर्धा माणूस. बापाचे नाव उलटे लिहून झालेले हे नाव १९४३ सालच्या एका हॉलिवूड भयपटातून आले आहे.

आणि या भागात एक दृश्य आहे, ज्यामुळे तो निव्वळ देखणा न राहता महत्त्वाचा होतो. अलुकार्डला दुःस्वप्न पडते. स्वप्नात त्याची आई लिसा आहे. ती माणूस आहे, लोकांना औषधे देते, आणि लोक तिला चेटकीण ठरवून मारतात. ड्रॅक्युलाच्या मानवद्वेषाचे मूळ इथे आहे. म्हणजे अकरा वर्षे जो राक्षस कारणाशिवाय राक्षस होता, त्याला कारण मिळाले. आणि ते कारण किल्ल्यात नव्हे, पायथ्याला घडले होते.

मग आमची तक्रार काय? तक्रार अशी की हे सारे कळल्यावरही खेळ गावात उतरत नाही. ज्यांनी लिसाला मारले त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही. त्यांना काय वाटत होते, कोणाचे मूल आजारी पडले होते, कोणी पहिल्यांदा बोट दाखवले, काहीही नाही. लिसाचा मृत्यू हे दोन पुरुषांच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या, भांडणाचे निमित्त ठरते. शेवटी अलुकार्ड तिचा निरोप बापाला सांगतो, बाप विरघळतो, पडदा पडतो. अपराध गावाचा, आणि त्याचा निवाडा घराण्यात. २०१७ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या याच मालिकेच्या अ‍ॅनिमेशन रूपाने निदान लिसाच्या जळण्यापासून कथेची सुरुवात केली आणि धर्मसत्तेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पण तिथेही गाव हा पुढे कापला जाणारा जमाव आहे. 'सिंफनी'ला पहिला क्रमांक देणारे त्याच्या किल्ल्याला क्रमांक देत असतात. लिसाला देत नाहीत.

आता तळाशी टाकलेल्या भागाकडे यावे.

'सायमन्स क्वेस्ट'ची बदनामी जुनी आहे. अमेरिकेतले जेम्स रोल्फ हे जुन्या खेळांवर संतापून बोलणारे पात्र रंगवतात. त्यांनी २००४ साली ज्या खेळावर पहिली चित्रफीत केली तो हाच. त्या चित्रफितीने एका पिढीचे मत बनवले असे म्हणायला हरकत नाही. आक्षेप खोटे नाहीत. दिवसाची रात्र होताना खेळ दर वेळी थांबतो आणि एक वाक्य सावकाश वाचायला लावतो. एके ठिकाणी पुढे जाण्यासाठी हातात लाल स्फटिक घेऊन कड्यापाशी गुडघे टेकून बसायचे असते, मग वावटळ येऊन उचलून नेते. हे आपसूक कोणाला सुचेल अशी सोय खेळात नाही. आणि सर्वांत मोठा आक्षेप : गावकरी जे सांगतात त्यातले पुष्कळसे खोटे किंवा निरुपयोगी असते.

हा शेवटचा आक्षेप आम्हांला या भागाचे वैभव वाटतो.

कथा अशी. ड्रॅक्युलाला मारून सात वर्षे झाली आहेत. पण त्या लढाईतल्या जखमेतून सायमनच्या अंगात शाप उतरला आहे आणि तो हळूहळू मरतो आहे. सुटकेचा मार्ग एकच : ड्रॅक्युलाच्या देहाचे विखुरलेले अवशेष, बरगडी, हृदय, डोळा, नख, आणि जोडीला त्याची अंगठी, गोळा करायचे, उद्ध्वस्त किल्ल्यात नेऊन जाळायचे आणि त्याला पुन्हा मारायचे. म्हणून नायक गावोगाव फिरतो. दिवसा गावात माणसे असतात, बोलतात, चाबूक आणि पवित्र पाणी विकतात. रात्री दारे बंद होतात, माणसे नाहीशी होतात आणि त्याच रस्त्यांवर प्रेते चालू लागतात. गाव तेच. कोणी बाहेरून आलेले नाही.

ज्याने या लोकांना राक्षसापासून सोडवले त्याच्याशी हे लोक कसे वागतात? कोणी चुकीची वाट सांगतो. कोणी अर्धवट बोलतो. एक जण तर सरळ गावातून चालता हो म्हणतो. वाचवणाऱ्याविषयी कृतज्ञता असावी अशी वीरकथेची अपेक्षा. इथे जखमी वीर म्हणजे गावाला नकोशी झालेली आठवण आहे. इंग्रजी भाषांतर वाईट असल्यामुळे हा गोंधळ झाला, असा बचाव काही चाहते करतात. भाषांतर वाईट आहे हे खरेच. पण मूळ जपानी संहितेतही गावकरी दिशाभूल करतात. तो अपघात नव्हे, योजना आहे. ती सुबकपणे पार पडली नाही, हे मान्य करू. सुबकपणा हेच साहित्याचे मोजमाप असते, तर आपल्या अभ्यासक्रमातली निम्मी पुस्तके गळून पडली असती.

आणखी एक गोष्ट. ड्रॅक्युलाचे अवशेष नुसते थैलीत पडून राहत नाहीत. बरगडी ढालीसारखी वापरता येते. डोळ्याने दडवलेले संकेत दिसतात. नदीवरच्या नावाड्याला ड्रॅक्युलाचे हृदय दाखवल्याशिवाय तो हव्या त्या काठाला नेत नाही. शापातून सुटायचे तर शाप देणाऱ्याचेच अंग वापरावे लागते. शेवटी सायमन किल्ल्यात पोचतो तेव्हा तो रिकामा असतो. एकही शत्रू नाही, नुसत्या भिंती. आणि ड्रॅक्युला स्वतः इतका दुबळा की थोड्या फटक्यांत संपतो. चाहते याला खेळाचा फसलेला शेवट म्हणतात. आम्हांला तो मालिकेतला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. भीती किल्ल्यात नव्हतीच. ती आपण रात्री ओलांडून आलेल्या रस्त्यांवर होती.

हा भाग आम्हांला असा दिसतो, याला एक स्थानिक कारण आहे. भळभळती जखम घेऊन गावोगाव फिरणारा, मरू न शकणारा माणूस ही आकृती नंदुरबारकडच्या माणसाला नवी नाही. अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात, सातपुड्यात, अस्तंबा नावाचे शिखर आहे. उंची १३२५ मीटर. हे अश्वत्थाम्याचे ठिकाण मानतात. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तळोद्याच्या बाजूने भाविक डोंगर चढू लागतात; नंदुरबार-धुळ्याकडचे, शेजारच्या गुजरात-मध्य प्रदेशातले, आदिवासी आणि बिगरआदिवासी. कपाळीचा मणी गेल्यामुळे झालेली जखम घेऊन अश्वत्थामा या रानात हिंडतो, जखमेवर घालायला तेल मागतो, अशी समजूत आहे. डोंगरात वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो, असेही सांगतात.

सायमन आणि अश्वत्थामा यांची तुलना ताणू नये, कारण फरक मूलभूत आहे. सायमन निरपराध आहे. अश्वत्थामा नाही. सौप्तिक पर्वात त्याने रात्री झोपलेल्या माणसांना मारले, द्रौपदीचे पाच मुलगे मारले, आणि नंतर उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. महाभारतातला त्याचा शाप तीन हजार वर्षे एकट्याने, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, माणसांपासून दूर भटकण्याचा आहे. पण सातपुड्याने या शापाचे काय केले पाहावे. ज्याला माणसांत यायला बंदी होती त्याच्या भेटीला माणसेच डोंगर चढून जातात. जो बालहत्यारा, त्याला ऋषी म्हणतात. ज्याने झोपलेल्यांचा घात केला, तो वाट चुकलेल्यांचा सोबती होतो. हे पापावर पांघरूण घालणे नव्हे. जखम तर कथेत जशीच्या तशी भळभळते आहे. हे राक्षसाला गावाच्या हिशेबात घेणे आहे. त्याला तेल देणे लागते. गॉथिकच्या युरोपीय परंपरेला ही कल्पना फार उशिरा आणि फार कष्टाने सुचली. 'सायमन्स क्वेस्ट'मध्ये जखमी माणूस दारावर येतो आणि गाव दार लावून घेते. अस्तंब्याच्या कथेत तो दारावर येतो आणि तेल मागतो. द्यायचे की नाही, हा प्रश्न घरातल्या माणसाचा असतो. ज्याने ही कथा लहानपणी ऐकली आहे, त्याला 'सायमन्स क्वेस्ट'मधली बंद दारे खेळातली अडचण वाटणार नाहीत. ती त्या खेळाचा विषय वाटतील.

इथेच थांबलो असतो तर हा लेख लोकपरंपरेच्या कौतुकात विसर्जित झाला असता, आणि सातपुड्याविषयी मैदानातल्यांनी असे पुष्कळ लिहून ठेवले आहे. पण अश्वत्थाम्याला तेल देणाऱ्या याच मुलखात डाकिणीचा आरोपही होतो.

कोणाचे मूल दगावते, गुरे मरतात, ताप उतरत नाही. भगताला विचारले जाते. तो नाव घेतो किंवा नाव सुचेल असे बोलतो, आणि पाड्यातली एखादी बाई डाकीण ठरते. पुष्कळदा ती नात्यातली असते, विधवा असते, तिच्या वाट्याची जमीन कोणाला तरी हवी असते. मारहाण होते, गाव सोडावे लागते, जीवही जातो. ऑगस्ट २०१३मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर राज्याने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम फार बोलके आहे. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे, तिला सैतान ठरवणे, हा गुन्हा आहे. दूध आटवणे हा शब्द कायद्यात येतो तेव्हा त्यामागे किती गोठे आणि किती बायका असतील, याची कल्पना करावी.

हे लिहिताना आम्हांला एक सावधगिरी बाळगायची आहे. चेटकिणीचा शोध ही आदिवासींची मक्तेदारी नाही. युरोपने पंधराव्या ते अठराव्या शतकांत हे न्यायालये भरवून, कागदपत्रे ठेवून केले. मैदानातल्या मराठी गावांत करणी, मूठ, चेटूक या शब्दांना आजही वजन आहे. भिल्लांच्या अंधश्रद्धेविषयी वसाहती अधिकाऱ्यांनी जे लिहिले त्यात स्वतःच्या राज्याचे समर्थन मिसळलेले होते. इतिहासकार अजय स्कारिया यांचा वसाहतकालीन पश्चिम भारतातल्या स्त्रिया, डाकिणीचे आरोप आणि हिंसा यांवरचा निबंध 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात १९९७ साली आला. त्यांचे पुढचे पुस्तक नवापूरच्या पलीकडच्या डांगविषयी आहे. योगायोग असा की लिसाचे दुःस्वप्नही १९९७ सालचेच. एकाच वर्षी जपानमधला एक खेळ आणि इंग्लंडमधले एक नियतकालिक एकाच प्रश्नाशी आले : बाईला राक्षस कोण ठरवते? खेळ तो प्रश्न विचारून किल्ल्यात परत गेला. इतिहासकाराला गावात थांबावे लागले.

म्हणून आमचा आग्रह आहे की 'सिंफनी'चा पहिला क्रमांक निरागस नाही. लिसाचे दृश्य पाहून हळहळायचे आणि मग दोनशे टक्के नकाशा पुरा करण्याच्या आनंदात ती हळहळ विसरून जायचे, हे त्या खेळाने शिकवलेले वाचन आहे. (उलटा किल्ला धरून नकाशाची टक्केवारी खरोखरच दोनशेच्या वर जाते.) साहित्याच्या वर्गातही आम्ही हेच करतो. भयकथेतली चेटकीण म्हणजे 'दमित स्त्रीत्वाचे प्रतीक' असे एक वाक्य लिहिले की पुढच्या प्रकरणाला मोकळे. ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तिथल्या महाविद्यालयात बसलेल्या मुलीला त्या शब्दाने कोण आठवत असेल, हे विचारायची पद्धत नाही.

या कसोटीवर मालिकेतला दुसरा उल्लेखनीय भाग २००८ सालचा 'ऑर्डर ऑफ एक्लेशिया'. निन्टेन्डो डीएसवर आलेला, म्हणून पुष्कळांनी दुय्यम मानलेला. नायिका शनोआ, तिच्या आठवणी आणि भावना काढून घेतल्या गेल्या आहेत आणि ड्रॅक्युलाच्याच शक्तीतून घडवलेली मुद्रा पेलायला तिला तयार केले आहे. वायगोल नावाचे गाव सुरुवातीला ओस आहे, कारण गावकऱ्यांना पळवून ठिकठिकाणी कोंडले आहे. शनोआ त्यांना एकेक करून सोडवते आणि गाव भरत जाते : वैद्य, लोहार, शिंपीण, स्वयंपाकीण, फिर्याद घेऊन येणारी पोरे, एक मांजर. प्रत्येकाला नाव आहे आणि काही ना काही हवे आहे. गावकऱ्यांना न सोडवता सरळ शत्रूवर चालून जाणाऱ्या खेळाडूला खेळ शिक्षा करतो; कथा अर्ध्यात संपते आणि शनोआ मरते. तिला घडवणाऱ्या पंथाचा प्रमुख बार्लो हाच खरा घातकी निघतो. ज्याने 'हे तुझे कर्तव्य' म्हणून मुद्रा हाती दिली, त्याला ड्रॅक्युला परत आणायचा होता.

म्हणजे गाव आले, गावाशिवाय मुक्ती नाही हेही आले. तरी आम्ही याला दुसरा क्रमांक देतो, पहिला नाही. कारण वायगोलचे लोक फारच चांगले आहेत. ते खोटे बोलत नाहीत, दार लावत नाहीत. शिवाय पुढे कळते की ते बेलमाँट कुळाच्या रक्ताचे आहेत, म्हणूनच मोलाचे. सगळ्या मालिकेला चिकटलेला हा रक्ताचा सिद्धान्त आपल्याकडच्या वाचकाने तरी विनातक्रार गिळू नये. चाबूक कुळाचा, अधिकार कुळाचा, राक्षस मारण्याचे काम जन्माने ठरलेले. तिसऱ्या भागाच्या पूर्वकथेत एक चांगली फट आहे : बेलमाँटांच्या शक्तीला घाबरून लोकांनी त्यांना आधी हद्दपार केलेले असते आणि संकट आल्यावर बोलावलेले असते. काम हवे, माणूस शिवेबाहेर; ही व्यवस्था आपल्याला कुठे पाहिल्यासारखी वाटते. पण तो भाग त्या फटीत शिरत नाही, चार पात्रे आणि फुटणाऱ्या वाटा यांच्या कौशल्यात रमतो. 'आरिया ऑफ सॉरो' मात्र रक्ताला चकवतो. त्यातला २०३५ सालचा सोमा क्रूझ हा तरुण स्वतःच ड्रॅक्युलाचा पुनर्जन्म निघतो, आणि वाईट होण्याचे नाकारणे एवढेच त्याच्या हाती उरते. आमच्या यादीत तो तिसरा. 'सिंफनी' चौथा, लिसासाठी. २०१० सालच्या 'लॉर्ड्स ऑफ शॅडो'पासूनचे भव्य प्रकरण आम्ही यादीबाहेर ठेवतो. त्यात आकार पुष्कळ आहे.

मराठीत हा वाद अगदी परका नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या लेखनात दोन्ही वाटा आहेत. समर्थांच्या कथांत जाणता पुरुष येतो, अमानवी शक्तीशी झुंजतो आणि माणसांना सोडवतो. ही बेलमाँटची वाट. 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली कादंबरी, आणि तिथे गावच आतून पोखरले जाते. ही दुसऱ्या भागाची वाट. धारपांचे चाहते समर्थांवर प्रेम करतात, तेही समजण्यासारखे आहे. पण मराठी समीक्षेने हा फरक नोंदवायचीही तसदी घेतली नाही. 'भयकथा' असा शिक्का मारून तिने दोन्ही एकाच फडताळात ठेवल्या. २०१८ साली 'तुंबाड' आल्यावर धारपांचे नाव पुन्हा निघाले आणि अचानक सर्वांना मातीतले गॉथिक हवे झाले.

ही मागणीच आम्हांला धास्तावते. मातीतले गॉथिक म्हटले की लिहिणाऱ्याची नजर सातपुड्याकडे, मेळघाटाकडे, कोकणाकडे वळते, आणि तयार माल म्हणून डाकीण हाती लागते : रात्रीचा पाडा, उलट्या पायांची बाई, शहरातून आलेला तरुण. कथा रंगावी म्हणून त्या बाईला खरोखर डाकीण असावे लागते. म्हणजे भगताने जे पाड्यात सांगितले तेच लेखक शहरात सांगणार, फक्त अधिक चांगल्या मराठीत. लोकांना भीती आवडते, यात दोष नाही. पण आरोप हीच जिथे भीती आहे, तिथे आरोप खरा ठरवणारी कथा ही आरोप करणाऱ्याची साक्ष असते. असे लिहू पाहणाऱ्यांनी 'सिंफनी'चा किल्ला अभ्यासण्यापेक्षा 'सायमन्स क्वेस्ट'मधल्या एखाद्या गावात संध्याकाळी उभे राहावे. जिथे दिवसा बोलणारा माणूस रात्री काय होतो, हे खेळ सांगत नाही आणि आपल्याला अंदाज करावा लागतो.

राहता राहिला एक आक्षेप : इतका विचार त्या बिचाऱ्या आठ-बिटच्या खेळात आहे तरी का, की आम्ही तो घालतो आहोत? खेळाला तीन शेवट आहेत, किती दिवसांत काम पुरे केले त्यावर ठरणारे. एका शेवटात शाप उतरूनही सायमन जखमांनी मरतो. दुसऱ्या एकात तो ड्रॅक्युलाच्या थडग्यापाशी गुडघे टेकतो आणि निघून जातो. थडगे काही वेळ तसेच दिसत राहते. मग माती हलते आणि एक हात वर येतो. सायमन तोवर निघून गेलेला असतो. गाव तिथेच असते.